पत्रा नसलेल्या गाड्या

भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स कारचा इतिहास लिहायला बसलं तर तो फार लांबत नाही. पण त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणं याच किनाऱ्यावर घडली, हे कोकणातल्या लोकांनाही सहसा ठाऊक नसतं. अलिबागजवळ 'चिंकारा' बनत होती आणि गोव्यात 'सॅन स्टॉर्म'. दोन्ही दोन आसनी, दोन्ही हाताने जुळवलेल्या, आणि दोघींच्या बॉडीला पोलादी पत्रा नाही. रत्नागिरी या दोघींच्या मधोमध. मी इथे वाडीतल्या आंब्याखाली ताडपत्रीत गुंडाळून पडलेली सॅन स्टॉर्म विकत घेतली, ती बऱ्या स्कूटरच्या किमतीत. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या कारखान्यांना जे करावंसं वाटलं नाही, ते या किनाऱ्यावरच्या छोट्या शेडींमध्ये कसं काय झालं?

उत्तराची सुरुवात पत्र्यापासून करावी लागते. मोटारीचं दार, बॉनेट, छप्पर हे पोलादी पत्र्याला प्रचंड दाबयंत्रात साच्यावर दाबून काढतात. हे साचे, म्हणजे डाय, अतिशय महाग. एकच साचा लाखो गाड्यांना वापरला तरच खर्च भागतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० निघाली, आणि तीच नावं बदलत बदलत 'पद्मिनी' म्हणून शतक संपेपर्यंत रस्त्यावर राहिली. तिचा आकार फारसा बदलला नाही याला आपण आळस म्हणतो. पण परवाना घेतल्याशिवाय उत्पादन वाढवता येत नव्हतं आणि गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबायला तयार होतं. मग नव्या डायवर पैसे कोण घालेल? अशा बाजारात स्पोर्ट्स कारसाठी वेगळे साचे करणं म्हणजे चार पाहुण्यांसाठी लग्नाचा मांडव घालण्यासारखं.

काचतंतू आणि रेझिन यांनी ही अडचण सोडवली. लाकडाचा किंवा प्लास्टरचा नमुना करायचा, त्यावरून साचा काढायचा, साच्यात काचतंतूचं मॅट अंथरून रेझिन लावायचं, वाळलं की उचलायचं. दाबयंत्र नको, डाय नको; माणसं आणि वेळ हवा. १९५३ सालची पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट अशीच फायबरची होती. त्या वर्षी ती जेमतेम ३०० निघाली. पुढे ज्या देशांकडे दाबयंत्रांचं भांडवल नव्हतं, त्यांनी हाच रस्ता धरला. इस्राएलमध्ये 'साब्रा', तुर्कस्तानात १९६६ पासून 'अनाडोल', आणि आपल्याकडे बंगळूरची सिपानी 'डॉल्फिन'. या तिन्हींमागे रिलायंट ही एकच ब्रिटिश कंपनी होती. अनाडोलची बॉडी शेळ्या आणि बैल खाऊन टाकतात, अशी वदंता तुर्कस्तानात होती. पत्र्याला सवयलेल्या माणसाला फायबरची गाडी नेहमी थोडी खोटी वाटते, हे त्या वदंतेतून कळतं. माझ्या दाराशी आलेल्या शेजाऱ्यानेही स्टॉर्मच्या बॉनेटवर टिचकी मारून "प्लास्टिक हाय काय?" असंच विचारलं.

१९९३ साली प्रवासी मोटारींवरची परवान्याची अट उठली. सगळ्यांना आठवतात त्या नंतर आलेल्या मोठ्या परदेशी कंपन्या. पण त्याच दारातून छोटेही आत आले. बंगळूरच्या सॅन समूहाचा मूळ धंदा रेल्वे इंजिनांचा. त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्टॉर्म आणली. आत रेनोचं ११४९ सीसीचं, साठेक अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन होतं. युरोपात ते क्लिओ आणि ट्विंगो या साध्या घरगुती गाड्यांत असायचं. म्हणजे वेगाच्या दृष्टीने ही काही राक्षसी गाडी नव्हे. हलकी, बुटकी, छप्पर काढता येणारी. भाट्याच्या पुलावरून संध्याकाळी जाताना गाडीने याहून जास्त काही असण्याची गरजही नाही.

चिंकाराची वंशावळ वेगळी. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर विक्रीकर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून ती संच म्हणून विकली गेली आणि घरोघरच्या गॅरेजांत जुळली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, पण तोवर ती अर्ध्या जगाने नक्कल करावी इतकी सोपी गाडी म्हणून नावाजली होती. अलिबागची चिंकारा रोडस्टर त्याच घराण्यातली. तिच्यात १.८ लिटरचं इसुझु इंजिन, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा आणि अँबॅसडरमध्ये बसणारं. हा निर्णय शहाणपणाचा होता असं मला आता वाटतं, कारण अँबॅसडर उघडलेला मेस्त्री प्रत्येक तालुक्यात सापडतो. स्टॉर्मचं इंजिन मात्र इथल्या दुसऱ्या कुठल्याच ओळखीच्या गाडीत नव्हतं. गास्केट आणि टायमिंग बेल्टसाठी मला परदेशात जुन्या क्लिओचे भाग विकणाऱ्यांकडे जावं लागलं.

जुन्या गाडीबद्दल कोकणात पहिली भीती गंजाची असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने खारा वारा. म्हणून फायबरची गाडी म्हटलं की लोक म्हणतात, हिला काय होणार! अर्धंच खरं आहे ते. बॉडी गंजत नाही, पण बॉडीखालचा सांगाडा पोलादीच असतो. पत्र्याची गाडी गंजते तेव्हा रंग फुगतो, भोक पडतं, दिसतं. फायबरची गाडी वरून गोरीगोमटी राहते आणि आतून बोल्टांच्या जागी, पाणी साचतं तिथे, सांगाडा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत जातो. अशी गाडी घेणाऱ्याने रंग बघू नये. खाली आडवं पडून हातोडीच्या मागच्या टोकाने सांगाडा ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागणार. माझ्या गाडीत तीन जागी भद्द आवाज आला.

बॉडीवर जाळीसारख्या बारीक चिरा होत्या आणि मागचा एक कोपरा फुटला होता. शहरातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनी पुट्टी भरून देतो म्हणून सांगितलं. पुट्टीने चीर झाकते, मरत नाही. मग मिरकरवाड्याला गेलो. तिथे लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या येऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्याबरोबर फायबर दुरुस्त करणारे कारागीरही तयार झाले. एकाने फोटो पाहिला आणि म्हणाला, "दादा, होडीत पाणी येऊ द्यायचं नाही, गाडीतपण नाही. दुसरा फरक काय?" चिरेच्या दोन्ही बाजू घासून उतार करायचा, मागून मॅटचे थर चढवायचे, हार्डनर हवेच्या ओलीप्रमाणे मोजायचा, घाई करायची नाही. फक्त त्याची वेळ माझ्या हातात नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या काठावर, तेव्हा त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि भर पावसात रेझिन नीट वाळतही नाही. माझ्या गाडीचा नंबर दिवाळीनंतर लागला.

खरा पेच कागदांचा निघाला. गाडी गोव्यातल्या नोंदणीची. ती महाराष्ट्रात आणायची तर तिकडचा ना हरकत दाखला, इकडचा कर, मग एमएच-०८ चा नंबर. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. वर पर्यावरण कर. दुसरीकडे, २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबर प्लेट दिली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडी एक तर वापरातली असते किंवा वारसा असते. स्टॉर्मसारख्या गाड्यांना वारसा व्हायला २०५० उजाडेल. मधली वर्षं त्या काढू शकल्या, तरच.

या मधल्या वर्षांत सगळ्यात सोपा सल्ला मला मिळाला तो इंजिन बदलण्याचा. मारुतीचं बसव, भाग कोपऱ्यावर मिळतील. इंजिन बदलायला परवानगी लागते, पण अडचण तेवढीच नव्हती. राजवाडा पडला तर त्याच्या दगडांचं काय करायचं, हा वाद आपण पुष्कळ घालतो. परवानाराज संपल्यावर काही माणसांनी रेल्वे इंजिनाच्या धंद्यातून येऊन स्पोर्ट्स कार बनवून पाहिली, याचा पुरावा मात्र संग्रहालयात नाही. तो अशा दहा-वीस वाड्यांत, ताडपत्रीखाली आहे. त्यातलं फ्रेंच इंजिन काढलं तर त्या धाडसातला सगळ्यात धाडसी, आणि कदाचित सगळ्यात चुकलेला, निर्णयच पुसला जातो. चुकलेले निर्णयही जपावे लागतात. इतिहास त्यांच्यातूनच जास्त कळतो.

इंजिन मूळचंच ठेवलं आहे. सांगाड्यात जोडलेले तीन तुकडे मी मुद्दाम वेगळ्या रंगाने रंगवले आहेत, आणि कुठल्या जागी किती थर चढवले, कुठला भाग कुठल्या गाडीचा, हे एका शंभरपानी वहीत लिहून ती वही डॅशबोर्डच्या खणात ठेवली आहे. नोंदणीची तपासणी पुढच्या महिन्यात आहे.