नमुन्याच्या यंत्राचे मोल

टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली आपल्या नागपुरात सुरू झाली. त्याच घराण्याच्या नावाच्या मुंबईतील संशोधन संस्थेत १९५६ साली एक लहान गणकयंत्र चालू झाले. ते केवळ नमुन्याचे होते. आर. नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुणांनी, पूर्वी असे यंत्र कधी बांधलेले नसताना, ते जोडले; त्या अनुभवावर १९६० साली सुमारे २७०० व्हॉल्व्हांचे मोठे यंत्र उभे राहिले. १९६२ साली नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९७२ साली अमेरिकेत लॉगरिदम काढणारे यंत्र खिशात मावू लागले.

आम्हा कामगार कार्यकर्त्यांना लोक यंत्राचे वैरी समजतात. यंत्राने वाचलेला वेळ कोणाच्या पदरी पडतो, एवढाच आमचा सवाल आहे. तो ठणकावून विचारायचा, तर यंत्र आतून कळले पाहिजे. त्या नमुन्याचे मोल हेच!