काळ्या मातीवरील रस्ते आणि त्यांची मोजदाद

नांदेड गोदावरीच्या काठीं वसलेलें, तर लातूर मांजरेच्या खोऱ्यांतलें. दोहोंमधील भूमि बहुतांशीं काळीभोर आहे. कापसास आणि ज्वारीस ती जितकी मायाळू, तितकीच रस्त्यास कठोर. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते, आणि तिच्या पाठीवर पसरलेली खडीहि तिच्याबरोबर हलते.

बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरास पोंचली. नांदेडास आगगाडी त्यापूर्वींच आलेली होती. परंतु शेतांतील माल स्टेशनापर्यंत न्यावयाचा तो बैलगाडीनेंच. लोखंडी धावेचीं चाकें खडीचा चुरा करीत आणि खोल चाकोऱ्या पाडीत. रस्त्याच्या प्रकृतीची नोंद म्हणजे त्या काळीं डोळ्यांस दिसेल तेवढीच. महाराष्ट्रांत ज्यास मैलकुली म्हणत, तो मजूर नेमून दिलेल्या मैलांवर फिरे, खळगे मुरुमानें भरी आणि मुकादमास वर्दी देई. कोणत्या मोरीपाशीं पाणी तुंबतें हें त्यास पाठ असे. मात्र तें ज्ञान कागदावर नसल्यामुळें त्याच्याबरोबरच निवृत्त होई.

मोटारी आल्या आणि हें पुरेनासें झालें. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीनें १९२८ सालीं अहवाल दिला. रस्त्यांचा भार एकट्या स्थानिक संस्थांस पेलणारा नाहीं, असें तींत दाखविलें होतें. त्यानंतर १९२९ सालीं पेट्रोलवरील जादा करांतून रस्त्यांसाठीं निधि उभा राहिला. १९४३ सालीं नागपुरास मुख्य इंजिनियरांची परिषद भरून रस्त्यांची प्रतवारी ठरली. नांदेड व लातूर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होते. या सर्व खटाटोपानें रस्ता किती मैल आहे हें कळूं लागलें. तो कसा आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर अमेरिकेंतून आलें. बेंकेलमन या इंजिनियरानें १९५३ च्या सुमारास एक साधी दांडी तयार केली. हिंदुस्थानांतील रीत अशी : ज्याच्या मागच्या आंसावर ८१७० किलोग्रॅम भार आहे असा ट्रक उभा करावयाचा, जोडचाकांच्या फटींत दांडीचें टोंक रस्त्यास टेकवावयाचें, आणि ट्रक हळूहळू पुढें न्यावयाचा. दबलेला रस्ता वर येतो, दांडीचें दुसरें टोंक हलतें आणि घड्याळासारख्या तबकडीवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप उमटतें. दांडीचे दोन भाग २:१ या प्रमाणांत असल्यामुळें तें माप दुप्पट करावें लागतें.

याचें महत्त्व असें कीं, खड्डा पडण्याआधींच रस्त्याचें दुखणें कळतें. वरून गुळगुळीत दिसणारा रस्ता खालून खचत असतो. वेळींच डांबराचा थर दिला तर तो वांचतो, नाहीं तर पायापासून उकरावा लागतो. माप नसलें कीं पैसा ओरड मोठी असेल तेथें जातो, किंवा ज्या वाटेनें एखादे मंत्री येणार असतील तेथें. मराठवाड्यासारख्या तुटपुंज्या निधीच्या मुलुखास ही चैन परवडणारी नव्हती.

मात्र काळ्या मातीनें येथेंहि आपला स्वभाव सोडला नाहीं. वैशाखांत घेतलेलें माप ज्या रस्त्यास निकोप ठरवितें, तोच रस्ता भाद्रपदांत रोगी ठरतो. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८१ सालीं या मापनाचे नियम छापले, त्यांत पावसाळ्यांत किंवा तो सरतांच माप घ्यावें असें सांगितलें. तें न जमल्यास मातीची जात, तिचा ओलावा आणि वार्षिक पर्जन्य १३०० मिलिमीटरांच्या खालीं कीं वर, हें पाहून आंकडा सुधारून घ्यावयाचा. नांदेड आणि लातूर दोन्ही खालच्या वर्गांत पडतात. डांबराच्या उष्णतेचाहि हिशेब ३५ अंशांवर आणावा लागतो. ज्या नोंदींत तारीख आणि ओलावा नाहीं, ती मापनाची नोंदच नव्हे.

आतां तुळजापूर, लातूर, अहमदपूर, नांदेड या गांवांवरून ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. असल्या मार्गांची पाहणी करण्यास लेसर किरणांची गाडी आली आहे. ती वेगानें धांवतांना भेगा, चाकोऱ्या व खडबडीतपणा टिपते. खालची माती ओली कीं कोरडी हें मात्र तिला दिसत नाहीं. तें जाणण्यासाठीं रस्त्याच्या कडेला खड्डा घेऊन मातीचा नमुना काढावा लागतो.