तिसरी पाटी

एखादा पृष्ठभाग अगदी सपाट कसा करायचा? मशीनवर करा, असं तुम्ही म्हणाल. पण त्या मशीनचा पाया कोणी सपाट केला? आधीच्या मशीनने. आणि त्या आधीच्या मशीनचा? कोंबडी आधी की अंडं आधी, तसलाच प्रकार.

कळंब्याला घरी छोटा सीएनसी राउटर बांधायचा घाट घातलाय. सध्या सगळं कागदावरच. त्याचा पाया आखताना हा प्रश्न पुढ्यात आला आणि मी नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो.

उत्तर सापडतं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाकडे. १८४० साली ग्लासगोला त्याने यावर निबंध वाचला. बिडाच्या एका पाटीला रंग लावायचा, दुसरीवर ठेवायची, जिथे रंग उमटेल तो उंचवटा हाताने खरवडायचा. पण दोनच पाट्या घेतल्या तर फसगत होते. एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी दोघी एकमेकींवर चपखल बसतात! म्हणून तिसरी पाटी. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी... आणि पीळ सापडावा म्हणून पाट्या फिरवूनही ताडायच्या. सगळ्या जोड्या जुळल्या की तिघींना सपाट होण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. मशीन नाही, फक्त हात आणि संयम.

पुढे १९५२ साली एमआयटीमध्ये पंच केलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. सीएनसीचा पूर्वज तो. पण हुकूम टेपचा असो की माझ्या कोडचा, खालचा पाया व्हिटवर्थच्याच हिशोबाचा.

आमच्या कोल्हापूरला हे नवीन नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतायला दिल्या. बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ आनंदराव यांनी तर सिनेमाचा कॅमेराच घरी बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना सोबत घेऊन १९१८ साली कॅमेरा पूर्ण केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. आज शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून कास्टिंग देशभर जातं.

असो. आता माझा पाया. चौकोनी पाइपची फ्रेम, वर वॉटरप्रूफ प्लाय, आणि त्यावर १८ मिमी एमडीएफचा स्पॉइल बोर्ड. हा बोर्ड म्हणजे बळीचा बकरा. लाकूड आरपार कापताना कटर थोडा खाली उतरणारच, तो बोर्डात उतरावा, पायात नको. तो खालून स्क्रूने बसवायचा, म्हणजे कटरच्या वाटेत लोखंड येत नाही. कडांना सीलर हवाच, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्यात एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. खराब झाला की मशीननेच अर्धा मिमी छिलून पुन्हा साफ करायचा.

इथे भलेभले खूश होतात. मशीनने स्वतःचंच टेबल छिललं, म्हणजे सपाट झालंच की! पण थांबा. रेल्समध्ये पीळ असेल तर बोर्डही तसाच पिळलेला छिलला जाईल. दोघं एकमेकांशी तंतोतंत जुळतील आणि दोघंही चुकीचे असतील. व्हिटवर्थच्या त्या दोन पाट्या! आपल्या धंद्यात ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट लिहिली की सगळं हिरवं दिसतं, तसंच.

म्हणजे तिसरी पाटी हवी. ती महाग असायलाच पाहिजे असं नाही. फ्रेमच्या चार कोपऱ्यांवरून दोन दोरे तिरपे ताणायचे. मध्यावर ते जेमतेम टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघायचं. एकदा फट पडली आणि एकदा दाबले गेले, तर पीळ आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेम ओढली जाते, तेव्हा ही तपासणी वेल्डिंगनंतर आणि रेल्स बसवायच्या आधी. पीळ निघाला तर पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सारायचे, दोरे जुळेपर्यंत.

प्लॅनमध्ये मी स्पॉइल बोर्ड मुद्दाम सगळ्यात शेवटी टाकलाय. तो कितीही वेळा बदलता येतो. पाया एकदाच बसतो, आणि त्याच्याबद्दल मशीनची साक्ष काढण्यात अर्थ नाही.