काळ्या घरातला पंथ

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया स्ट्रीटवर ६११४ क्रमांकाचं घर बाहेरून काळंकुट्ट रंगवलेलं होतं. त्यात अँटन लावे राहायचा आणि त्याचा तोगारे नावाचा सिंहही. डरकाळ्यांनी शेजारी हैराण झाले, तेव्हा सिंहाची रवानगी प्राणिसंग्रहालयात झाली. लावेने ३० एप्रिल १९६६च्या रात्री ‘चर्च ऑफ सेटन’ स्थापलं आणि तिथूनच नवा शक सुरू केला.

पुढच्याच वर्षी सैतानाच्या नावाने एक लग्न लागलं, लावेच्या तीन वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि एका नौसैनिकाचा अंत्यविधीही. वार्ताहर आणि छायाचित्रकारांची झुंबड उडाली. पण विधी सगळे ख्रिस्ती चर्चचेच, फक्त उलटे फिरवलेले. चर्चच नसतं तर या पंथाने उलटं काय केलं असतं, हा आक्षेप तेव्हापासून त्याची पाठ सोडत नाही.

१९६९ साली लावेचं ‘सेटॅनिक बायबल’ आलं. या पोथीतली गोम मोठी मजेदार आहे. तिच्या सुरुवातीच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘माइट इज राइट’ या पुस्तकातले उतारे थोडाफार हात फिरवून घेतलेले आहेत. शेवटचे मंत्र सोळाव्या शतकातल्या जॉन डी या गूढविद्येच्या अभ्यासकाचे. डीच्या मते ते देवदूतांनी सांगितलेले होते. लावेने देवाच्या जागी सैतान बसवला, झालं! बंडखोरांच्या धर्मग्रंथात इतकी उसनवारी असावी, हे जरा अतीच.

त्यात लावेचा सैतान हा देव नव्हेच, माणसाच्या वासनांचं आणि अहंकाराचं नुसतं प्रतीक. मग पुरोहित कुणाचे? पंथातलाच मायकेल अक्विनो सैतानाला खरोखर मानायचा. पुरोहितपदं पैशाच्या मोबदल्यात वाटली जाताहेत असा आरोप करून तो १९७५ साली बाहेर पडला आणि त्याने ‘टेंपल ऑफ सेट’ काढलं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मुलांचे बळी देणाऱ्या सैतानी टोळ्यांची आवई उठली. अशाच आरोपांचा कॅलिफोर्नियातला मॅकमार्टिन बालवाडीचा खटला १९९० पर्यंत रेंगाळला; दोषी एकही ठरला नाही. या गदारोळात लावेवरची मुद्द्याची टीका बुडाली. ती १९९१ साली पत्रकार लॉरेन्स राइट यांच्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकातल्या लेखाने वर काढली. पोलीस खात्यातली छायाचित्रकाराची नोकरी, मेरिलिन मन्रोशी प्रेमप्रकरण या लावेने सांगितलेल्या गोष्टींना राइट यांना पुरावा सापडला नाही. लावे १९९७ साली वारला. काळं घर २००१ साली पाडलं गेलं.

२०१३ साली निघालेल्या ‘सेटॅनिक टेंपल’ या वेगळ्या संस्थेने करुणा आणि विज्ञानाची सात तत्त्वं मांडली, सरकारी जागेतल्या ख्रिस्ती स्मारकांना कोर्टात आव्हान दिलं. हे राजकारण की धर्म, असं विचारलं गेलं. २०१९ साली अमेरिकेच्या कर खात्याने त्याला चर्च म्हणून मान्यता दिली. लावेचं चर्च मात्र या मंडळींना सैतानपंथी मानायला तयार नाही. त्याआधी, २०१८ साली, टेंपलची लॉस एंजेलिस शाखाच फुटली होती. तक्रार अशी, की अतिउजव्यांचे खटले लढवणारा वकील संस्थेने घेतला आणि सगळे निर्णय वरचे मोजके लोकच घेतात.