कडीला कडी

माझ्या थोरल्या आत्तीचं सासर हुपरीचं. निपाणीहून सुट्टीला गेलं, की दुपारी सोप्यात एकच आवाज कानी पडे, बारीक किण् किण्. आत्ती आणि तिच्या दोघी जावा मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात पितळी ताट, ताटात चांदीच्या कड्यांचा ढीग. दिवे लागायच्या आत जेवण आटपायचं, म्हणून त्याआधी जेवढ्या जोडून होतील तेवढ्या जोडायच्या. मी एकदा मदतीला बसले आणि कडी दोन्ही हातांनी ओढून उघडली. आत्ती म्हणाली, "अगं, ताणू नगंस. कडी ताणायची न्हाई, मुरडायची."

गेल्या वर्षी माझी भाची शहरातल्या एका शिबिरात कड्यांचे दागिने करायला शिकून आली. तांब्याचं ब्रेसलेट दाखवत म्हणाली, "मावशी, हे चिलखताचं विणकाम आहे, युरोपातलं." पहिल्या दिवशी तिला काय शिकवलं? कडी ओढू नका, पिळा! मी हसले आणि मग शोधायला बसले, की ही कडी आली तरी कुठून.

दागिन्यातली कडी चिलखतापेक्षा पुष्कळ जुनी. इराकमध्ये ऊर इथे लिओनार्ड वुली यांनी उकरलेल्या राजघराण्याच्या दफनभूमीत सोन्याच्या साखळ्या निघाल्या, त्या इ. स. पू. 2500 च्या सुमाराच्या. त्यात एका कडीला दुमडून तिच्यातून दुसरी ओवलेली आहे. कड्यांचं चिलखत त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी दिसतं. रोमानियात चुमेष्टी इथे सापडलेलं केल्ट लोकांचं चिलखत इ. स. पू. तिसऱ्या शतकातलं. रोमन लेखक व्हॅरो यानेही ही विद्या गॉल लोकांची म्हणून सांगितलं आहे. म्हणजे आधी गळ्यातली साखळी, मग छातीवरचं चिलखत. आज मुली चिलखतातून दागिना काढतात, तेव्हा कडी आपल्या माहेरी परत येते, एवढंच.

चिलखतात बहुतेक एकच वीण : एका कडीत चार कड्या. पण नुसती मिटलेली कडी भाल्याच्या टोकाने उघडते. म्हणून तिची टोकं चपटी करून, एकावर एक ठेवून बारीक रिबीट मारत. एका अंगरख्याला 20 ते 30 हजार कड्या सहज लागत. पैंजणात रिबीट नसतं, तिथे कडी झाळतात. भाचीच्या ब्रेसलेटमध्ये दोन्ही नाही. तिथे टोकाला टोक नीट भिडलं पाहिजे, नाहीतर साडीचा काठ अडकलाच म्हणून समजा.

आपल्या दख्खनची एक गोष्ट इथे सांगायला हवी. औरंगजेबाच्या बाजूने लढणाऱ्या बिकानेरच्या महाराजा अनुपसिंह यांनी 1689 च्या सुमारास अदोनीचा किल्ला घेतला. तिथली चिलखतं बिकानेरच्या शस्त्रागारात गेली आणि त्यांतल्या कित्येकांवर देवनागरीत ठिपक्यांनी नोंद टोचली : अदोनीच्या विजयात मिळालेलं. जिंकणाऱ्याचं नाव आलं, गावाचं आलं, साल आलं. हजारो कड्या ज्या बोटांनी जोडल्या, त्यांचं कुठेच नाही.

हे वाचलं आणि आत्ती आठवली. हुपरीला चांदीची नगरी म्हणतात. शंभराहून अधिक वर्षं तिथली पैंजणं देशभर जातात. चांदी आटवणं, तार ओढणं, झिलई देणं हे कारखान्यात. कड्या जोडणं मात्र घरोघरी, बायकांच्या हातात, मजुरी वजनावर. आत्तीने तीस वर्षं जोडल्या. पुढे डोळे गेले. तरी कोणी कागद घेऊन दारात आलं, की कामाच्या रकान्यात घरातूनच सांगितलं जाई, "काही नाही, घरीच असते." एकदा एका दुकानात काचेआड मी तसलंच पैंजण पाहिलं आणि विचारलं, हे कुणी केलं? "आमचाच माल," असं उत्तर मिळालं.

आपल्या कथांतही साखळी आहेच. मानतुंगाचार्यांना बेड्या घालून कोंडलं आणि भक्तामराच्या 48 श्लोकांनी त्या तुटल्या, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण मला जास्त जवळची चंदना. विकली गेलेली, सेठाणीच्या मत्सरापायी पायांत बेड्या पडलेली. कौशांबीला महावीरांनी तिच्या हातचा आहार घेतला आणि बेड्या गळल्या. हीच चंदना पुढे 36,000 आर्यिकांची प्रमुख झाली. कोंडणारीपेक्षा कोंडलेलीचं नाव आपल्या परंपरेने जास्त जपलं. मग घरातल्या कडी जोडणारीचं नाव जपायला आपल्याला इतकं जड का जावं?

आता मीही शिकते आहे. कुणाला करून पाहायचं असेल, तर अवघड काही नाही. एक मिलिमीटर जाडीची तांब्याची तार आणि बारीक तोंडाच्या दोन पकडी घ्या. पाच मिलिमीटरच्या विणकामाच्या सुईवर तार घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. वेटोळं उतरवून बारीक करवतीने उभं कापा, कड्या सुट्या होतील. थोड्या मिटून ठेवा, थोड्या उघड्या. एका उघड्या कडीत चार मिटलेल्या ओवून ती मिटवा. दोन या बाजूला, दोन त्या बाजूला अशा पसरा. पुढची उघडी कडी एका बाजूच्या दोघींतून घाला, तिच्यात नव्या दोन मिटलेल्या घ्या आणि मिटवा. असंच पुढे. मनगटाएवढी लांबी झाली, की प्रत्येक जोडीतली एक कडी वर आणि एक खाली सारा, वीण आपोआप उलगडते. पहिल्यांदा चुकतंच. माझी पहिली पट्टी दोनदा उसवावी लागली.

परवा भाचीला घेऊन हुपरीला गेले. आत्तीला आता दिसत नाही. तिने ब्रेसलेट हातात घेऊन अंगठ्याने एकेक सांधा चाचपला. मधेच थांबली. "हितं फट राहिलीया." भाचीने पाहिलं, खरंच होती. पकड नव्हती जवळ. आत्तीने ती दुरुस्त केली नाही, पोरीच्याच हातात परत दिली.

घरी आल्यावर मी माझ्या लग्नातल्या पैंजणाच्या डबीत एक चिठ्ठी ठेवली. तीवर आत्तीचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचंही.