‘संत तुकाराम’चे ध्वनिविधान : ऐतिहासिकतेचा एक प्रश्न

सतराव्या शतकातील पत्रे, नाणी, शस्त्रे इतिहासकाराच्या हाती लागतात. त्या शतकाचा आवाज लागत नाही. ऐतिहासिक चित्रपटाच्या वेशभूषेकडे पुरावा मागता येतो, त्याच्या ध्वनीकडे तो कोणत्या आधारावर मागावा? मराठी समीक्षेने पटकथा आणि अभिनय यांची पुष्कळ चिकित्सा केली. हा प्रश्न मात्र ‘संगीत श्रवणीय आहे’ एवढ्या शेऱ्यावर सोडून दिला.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) या संदर्भात पुन्हा ऐकायला हवा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. त्यांपैकी विष्णुपंत दामले हे स्वतः ध्वनिमुद्रणातले जाणकार. संगीत केशवराव भोळे यांचे. चित्रपटाच्या आरंभी तुकोबा (विष्णुपंत पागनीस) ध्यानस्थ बसून अभंग गातात आणि पाठोपाठ सालोमालो तीच रचना आपली म्हणून अलंकृत ढंगात सादर करतो. शब्द तेच, नाद वेगळा. कर्तृत्वाचा वाद संवादांतून सुरू होण्यापूर्वीच कानाने त्याचा निवाडा केलेला असतो. चौर्य संहितेचे होऊ शकते, स्वराच्या वृत्तीचे होत नाही, असा हा युक्तिवाद आहे. आणि तो केवळ ध्वनीच्या द्वारे मांडला आहे.

परंतु याच चित्रपटाने त्या युक्तिवादाला छेदही दिला आहे. त्यातील एक अभंग शांताराम आठवले यांनी रचलेला. तो तुकोबांचाच, असे जाणकारांसह अनेकांनी मानले. म्हणजे सालोमालोला ओळखणारा कान आठवल्यांना ओळखू शकला नाही! याला कानाचा पराभव म्हणणे मला उतावळेपणाचे वाटते. श्रोत्याने ओळखली ती व्यक्ती नव्हे, अभंगाची चाल आणि घडण. वारकरी परंपरेत ही घडण शतकानुशतके सामूहिक उच्चारात टिकून आहे. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावकडे निघते, तेव्हा टाळ-मृदंगाच्या ठेक्यात चालणाऱ्यांपैकी कोणी रचनेचा हस्तलिखित आधार विचारत नाही. पाठभेदांच्या अभ्यासकाने मात्र तो विचारलाच पाहिजे. या दोन प्रामाण्यांची गल्लत केली की जिवंत परंपरा ही जणू ध्वनिमुद्रित पुरावाच आहे, असा भाबडा समज बळावतो. परंपरा बदलत टिकते. आजची चाल देहूची तेव्हाची चाल असेलच असे नाही.

‘कुंकू’मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातल्याच आवाजांवर भिस्त ठेवली गेली. तो विषय समकालीन असल्याने आवाज भोवती उपलब्ध होते. इतिहासपटाला ही सोय नाही. चित्रपटीय मांडणशिल्पात तर प्रेक्षक दालनात हिंडत असतो आणि आवाज पडद्याच्या चौकटीत राहत नाही. तेथे टापा आणि तुताऱ्या यांची रेलचेल करून ‘काळ उभा केला’ असे म्हणणे फार सोपे. ‘संत तुकाराम’ने निवडलेला मार्ग अधिक अवघड होता : एकाच रचनेचे दोन उच्चार शेजारी ठेवून निवड ऐकणाऱ्यावर सोपवण्याचा. इतिहासविषयक मांडणशिल्पाला पाठभेद ऐकवता येतील ते याच रीतीने, एका दालनात दोन आवाज ठेवून.