शालेय चित्रवाणी, महाराष्ट्रातील

शालेय अभ्यासक्रमास पूरक ठरणारे कार्यक्रम चित्रवाणीद्वारे वर्गापर्यंत पोहोचविण्याच्या उपक्रमास शालेय चित्रवाणी असे म्हणतात. भारतात तिचा प्रारंभ दिल्ली येथे १९६१ मध्ये, फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने झाला. सुसज्ज प्रयोगशाळा नसलेल्या माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना विज्ञानातील प्रयोग निदान पाहावयास मिळावेत, हा तीमागील एक हेतू होता. महाराष्ट्रात मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९७५-७६ मध्ये सहा राज्यांत झालेल्या उपग्रहीय शैक्षणिक चित्रवाणी प्रयोगात (‘साइट’) महाराष्ट्राचा समावेश नव्हता. मात्र कर्नाटकातील विजापूर व गुलबर्गा या सीमेलगतच्या जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत तो पोहोचला होता.

‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह १९८३ मध्ये कार्यान्वित झाल्यावर केंद्र शासनाने निवडक राज्यांत शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था स्थापिल्या. त्यांपैकी पुण्याची संस्था २७ जानेवारी १९८४ रोजी स्थापन झाली व ‘बालचित्रवाणी’ या नावाने लोकप्रिय झाली. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीतून, गोष्ट व गाणे यांच्या आधारे तिने निर्मिलेले कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत. शहरी इंग्रजी कार्यक्रमांचे भाषांतर न करता मराठी मुलाच्या परिसरातून विषय निवडणे, हे या संस्थेचे खरे कार्य होय.

तथापि या माध्यमात एक मूलभूत अडचण होती. फळ्यावरचा धडा शिक्षकाच्या हाती असतो. मुले गोंधळली की तो थांबतो, मागे जातो. प्रक्षेपण कोणासाठीही थांबत नाही. शाळेचे वेळापत्रक व प्रक्षेपणाची वेळ यांचा मेळ बसणे दुरापास्त असे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेतील एका सत्राची मुले तर सहजच वगळली जात. त्यातच वीज खंडित झाली, तर तो पाठ गेला तो गेलाच. इचलकरंजीसारख्या यंत्रमागनगरीत मराठीबरोबरच कन्नड, हिंदी बोलणाऱ्या कामगारांची मुले एकाच वर्गात बसतात. अशा वर्गात पडद्यावरील एखादा शब्द अडला, की शिक्षकाने तेथेच थांबून तो उलगडून सांगणे अपरिहार्य ठरते. नेमकी तीच सोय प्रक्षेपणात नव्हती.

चित्रफितीमुळे ही उणीव काही अंशी दूर झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांना दूरदर्शन संच, रेडिओ व ध्वनिफितीची यंत्रे पुरविण्याची केंद्रीय योजना आली. परंतु साधन देणे सोपे आणि ते पाठात गुंफणे अवघड. कार्यक्रमापूर्वी मुलांना काय विचारावे, तो कोठे थांबवावा, नंतर कोणती कृती करवून घ्यावी, याचे प्रशिक्षण लाभले नाही, तर महागडे यंत्र मुख्याध्यापकांच्या कपाटातच सुरक्षित राहते.

‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा संगणकीय मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्ह (क्यूआर कोड) भ्रमणध्वनीने टिपले, की त्या पाठाशी संबंधित ध्वनिचित्रफीत उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी असा वापर आपल्या वर्गात केला होता. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य ९ शिक्षकांना देऊ केली. येथे पाठाची वेळ पुन्हा शिक्षकाच्या हाती आली, हा बदल यंत्रापेक्षाही महत्त्वाचा आहे.

मार्च २०२० मध्ये करोना महासाथीमुळे शाळा बंद झाल्या. ज्या घरी आंतरजाल वा स्मार्टफोन नव्हता, तेथील मुलांसाठी जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या ‘सह्याद्री’ वाहिनीवर पहिली ते आठवीच्या इयत्तांकरिता ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. राज्याची शालेय चित्रवाणी संस्था बंद होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती.